एवढा मोठा साप

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सापापायी माझा उजवा हात मोडला. साप तिथे हजर नव्हता. तो तीन वर्षांपूर्वीच आमच्या न्हाणीतून बाहेर पडून आपल्या वाटेने गेला होता. मी फक्त तो किती मोठा होता ते दाखवत होतो. दाखवायला कुणाची हरकत नव्हती, पण दाखवताना मी मोटारसायकल चालवत होतो.

वाशिमहून कनेरगाव नाक्याकडे परत येत होतो, मागे शेजारी बसलेला. सापाने फणा काढला इथपर्यंतची गोष्ट डाव्या हातात भागली. फणा एका हाताचा असतो. तेवढ्यात शेजाऱ्याने मागून विचारलं, "लांबीला केवढा व्हता, सर?" लांबी हे दोन हातांचं काम. मी "एवढा" म्हणालो आणि तो शब्द पुरा होईस्तोवर आम्ही कुणाच्या तरी सोयाबीनमध्ये होतो.

शेजाऱ्याला खरचटलंसुद्धा नाही. काळ्या चिखलातून उठत तो म्हणाला, "मोठाच व्हता म्हणायचा."

डॉक्टरांनी विचारलं, कसे पडलात? मी सांगायला लागलो. सांगताना उजवा हात सवयीने वर गेला आणि मी अशी किंकाळी फोडली की एक्स-रे नुसता नियमापुरता काढला. बोटांच्या मुळापासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर, गळ्यात झोळी, सहा आठवडे. "हात अजिबात हलवायचा नाही," ते म्हणाले.

"बोललं तर चालेल ना?"

"बोला की. बोलायला काय हात लागतो?"

चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस मी. मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर माझी पहिली परीक्षा झाली. हात कसा मोडला हे ऐकायला आठ-दहा जण जमले होते. एवढे श्रोते मला शाळेत स्वेच्छेने कधी मिळाले नव्हते. मी सुरुवात केली: "तर तो साप असा..." आणि थांबलो. असा म्हणजे कसा? "म्हणजे तो असा इकडून..." पुन्हा थांबलो. डावा हात मोकळा होता, पण एक फणा सोडला तर त्याला आयुष्यात बादली धरण्यापलीकडे काही शिकवलेलं नव्हतं. तो वर आला, हवेत एक अर्धवट मुरका मारून खाली गेला. पाहणाऱ्याला वाटावं, साप लाजला.

घरी येऊन विचार केला तेव्हा ध्यानात आलं की मराठीने आपल्याला हातावर उधारीने जगायला लावलंय. एवढा, असा, इतकासा, हा इथून तिथवर. या शब्दांच्या पोटात काही नसतं. हात दिसला तर ते भरतात, नाही दिसला तर रिकामी पोती. व्याकरण शिकवताना मी यांना दर्शक म्हणायचो. दर्शक म्हणजे दाखवणारे. काय दाखवणारे आणि कशाने, हे ना कुठल्या पोराने विचारलं ना माझ्या डोक्यात आलं. त्यात आपले ते धाडकन, गर्रकन, सट्‌दिशी, भुर्रकन. हात मांडीवर ठेवून "गर्रकन" म्हणून बघा. जीभ वळते, पण काही फिरल्यासारखं वाटत नाही.

सर्वांत वाईट अवस्था झाली नागनाथाच्या देवळाची. आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याची ती कथा शेंबड्या पोरालाही येते. नर्सीचे नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, त्यांना मागे जा म्हणून हाकललं, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. ही कथा सांगताना आमच्याकडचा प्रत्येक माणूस पंजा उभा धरतो आणि "देऊळ फिरलं" म्हणताना मनगट पूर्ण वळवतो. मीही पिढ्यान्‌पिढ्या पोरांसमोर ते देऊळ फिरवलं. त्या आठवड्यात नातीला सांगताना मी "फिरलं" म्हणालो आणि प्लास्टर जागचं हललं नाही. नात बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आबा, नाई फिरलं."

याच सुमारास नाक्यावर एक ट्रक चुकला. चूक माझीच होती. अकोला-नांदेड रस्त्यावरचं आमचं गाव. इथे थांबून रस्ता विचारणं ही ट्रकवाल्यांची जुनी रीत. नाका हे नावच मुळी हद्दीचं: अलीकडे निजामाचा मुलूख, पैनगंगेपलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. ती हद्द गेली तरी भाषेची आहेच. अलीकडे आम्ही "काय करायलेत?" म्हणतो, पलीकडे "हाव" सुरू होतो. तर एका ट्रकवाल्याने मला विचारलं, हिंगोली कुठे? मी तोंडाने स्पष्ट सांगितलं, "उजवीकडं, सरळ." पण झोळीतला माझा उजवा हात छातीवर आडवा, कायमचा डावीकडे रोखलेला. त्याने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, एकदा हाताकडे, आणि मान डोलावून वाशिमला निघून गेला. हाताची आणि तोंडाची साक्ष वेगळी पडली की माणसं हाताचीही साक्ष नोंदवून घेतात, हे अभ्यासकांनी प्रयोग करून दाखवलंय असं मला पुढे कळलं. ट्रकवाल्याला ते आधीपासून ठाऊक असावं. बैलबाजारातला दलाल तर याच जोरावर जगतो. तोंडाने "परवडत नाही, न्या बैल माघारी" म्हणत असतो आणि रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून खरा भाव सांगत असतो.

मला पुढे कळलं म्हणालो, ते भाच्यामुळे. भाचा पुण्यात एका जपानी कंपनीत आहे आणि जपानी शिकतो. हाताचा समाचार घ्यायला आला तेव्हा माझी तक्रार ऐकून त्याला भलताच आनंद झाला. "मामा, तुमच्यावर तर संशोधन झालंय!" डेव्हिड मॅकनील नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1992 साली याच विषयावर एक पुस्तक लिहिलं, त्याचं म्हणणं की हातवारे बोलण्यावरची सजावट नसतात. विचार निघतो तो एकदम दोन तोंडांनी निघतो, एक जिभेचं आणि एक हाताचं. शिवाय हात बहुधा शब्दाच्या किंचित आधी निघतो. हे मात्र मला पटायला पुस्तक लागलं नाही. "ते आण गं, ते हे..." म्हणताना माझी बोटं आधीच कुलूप उघडत असतात, "किल्ली" मागून धापा टाकत येते. जन्मापासून आंधळी माणसंही बोलताना हात हलवतात, आणि समोरचाही आंधळा आहे हे माहीत असताना हलवतात, असंही त्याने सांगितलं. मला ते ऐकून धीर आला. मी फोनवर रस्ता सांगताना हात करतो म्हणून ही मला हसते.

मग त्याने मांजराचं सांगितलं. सोतारो किता नावाच्या जपानी संशोधकाने असली ओझ्युरेक या बाईंबरोबर 2003 साली छापलेलं काम. लोकांना एक कार्टून दाखवायचं आणि गोष्ट सांगायला लावायची. त्यात मांजर दोराला लोंबकळून झोका घेत समोरच्या खिडकीतल्या पक्ष्याकडे जातं. इंग्रजी बोलणाऱ्यांचे हात त्या जागी बहुतेक कमानीत फिरले. जपानीत असं झुलत जाण्याला नेमकं क्रियापद नाही. आणि जपानी सांगणाऱ्यांपैकी कित्येकांचे हात सरळ आडवे गेले, बस सुटल्यासारखे. डोळ्यांनी तेच मांजर पाहिलेलं, पण भाषेने हाताला वाट आखून दिली.

मी लगेच ते मांजर सांगून पाहिलं. मराठीत झोका आहे, हेलकावा आहे, शब्दांची ददात नाही. पण प्लास्टर काही कमानीत जाईना. खांद्यापासून सगळा हात एकदम आडवा सरकला. भाचा टाळ्या पिटत ओरडला, "मामा, तुम्ही जपानी झालात!"

तो गमतीने म्हणाला. मी मनावर घेतलं. इथून पुढचं सगळं त्यामुळे झालं.

आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळात दरवर्षी एका रात्री माझं कथाकथन असतं. फार काही नाही, मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकर या तिघांनी गावोगाव जे करून ठेवलं त्याची उष्टी-खरकटी. औरंगाबादच्या प्रा. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने बावन्न माणसं उभी केली. मला जेमतेम अडीच जमतात, त्यातला अर्धा मी स्वतः. यंदा हात मोडल्यामुळे मंडळाचे अध्यक्ष विचारायला आले, "कार्यक्रम रद्द करू का, सर?" भाच्याने भ्रमणध्वनीवर मला नुकतंच राकुगो दाखवलं होतं. मी म्हणालो, "रद्द कशाला? यंदा जपानी पद्धतीने करू."

राकुगो म्हणजे बसून सांगायची विनोदी गोष्ट. किमोनो घातलेला एकच माणूस, खाली चौकोनी गादी, जवळ एक घडीचा पंखा आणि एक हातरुमाल. उठायचं नाही, चालायचं नाही. हे पाहून मला वाटलं, मोडक्या हाताच्या माणसासाठी याहून सोयीची कला परमेश्वराने निर्माण केली नाही. माझी चूक नेमकी इथे झाली. उठता येत नाही म्हणून ती माणसं कमरेच्या वर जे काही करतात ते मी नीट पाहिलंच नव्हतं. तो पंखा चॉपस्टिक होतो, चिलीम होतो, लिहायचा कुंचला होतो, तलवार होतो. रुमालाचं पाकीट होतं, पत्र होतं. दोन माणसं बोलतात ती नुसत्या मानेवर: घरधनी बोलताना मान एकीकडे, दारात आलेला बोलताना मान दुसरीकडे. "तो म्हणाला, हा म्हणाला" अशी भानगडच नाही. म्हणजे मी बोलायला निघालो होतो तो हातावाचून चालणारी कला समजून, आणि ती होती निव्वळ हातावर पोट असलेली.

गोष्ट निवडली 'तोकि सोबा', राकुगोतली बहुधा सर्वांत प्रसिद्ध. रात्रीच्या शेवयांच्या गाड्यावर एक लबाड गिऱ्हाईक येतं. भरपूर स्तुती करत खातं. सोळा नाणी द्यायची असतात, ती एकेक करून मालकाच्या हातावर मोजतं. सहा, सात, आठ, "काय हो, किती वाजले?" मालक म्हणतो, नऊ. गिऱ्हाईक पुढे: दहा, अकरा... सोळा. एक नाणं वाचलं. हे बघणाऱ्या एका भोळसटाला युक्ती फार आवडते. दुसऱ्या रात्री तो जरा लवकरच जातो, आठपर्यंत मोजून विचारतो, किती वाजले? मालक म्हणतो, चार. तो पुढे पाच, सहा, सात मोजत जातो आणि चार नाणी जास्त देऊन बसतो. जुन्या जपानात प्रहरांचे आकडे नवापासून चारपर्यंत उतरत यायचे आणि मग पुन्हा नऊ, म्हणून मध्यरात्रीच्या नवाआधी चार वाजायचे. आमच्या गल्लीला हे सांगत बसण्यापेक्षा मी भोळसटाला दुपारी चार वाजता भज्यांच्या गाड्यावर पाठवायचं ठरवलं.

तालीम हिच्यासमोर केली. ही भाकरी थापत होती आणि मी बोलत होतो, आणि मध्येच जीभ अडायची. कारण सापडलं तेव्हा हसू आलं: ही "हूं" म्हणत नव्हती. लहानपणी आजीची अटच होती, हुंकारा दिला नाही तर गोष्ट तिथेच बंद. भाचा म्हणाला, जपान्यांत तर याच्याशिवाय पान हलत नाही, त्याला ऐझुची म्हणतात. शब्द लोहाराच्या भट्टीतला आहे. उस्तादाच्या घावापाठोपाठ समोरच्या गड्याने घाव घालायचा, एक याचा, एक त्याचा. त्याच वेळी त्याने आणखी एक नातं काढून दिलं. गडगडणं त्यांच्याकडे गोरोगोरो, काळीज धडधडणं डोकीडोकी, चमचमणं किराकिरा. गोष्ट रंगात आली की जपानी सांगणारा असे शब्द झोडत सुटतो आणि त्यांच्याबरोबर हात निघतोच. मला एकदम ती माणसं आमच्या नाक्यावरची वाटायला लागली. "आता हूं म्हण," मी हिला म्हणालो. "भाकरी करपंल," ही म्हणाली. ऐझुची म्हणून मी तेवढंच धरून चाललो.

कार्यक्रमाच्या रात्री मांडव गच्च भरला. 'जपानी कथाकथन' असं फलकावर लिहिल्यामुळे लोक जपानी माणूस बघायला आले होते. गादीवर मी जपान्यांसारखा गुडघे मोडून बसलो. त्याला सेइझा म्हणतात, आपलं वज्रासनच ते. योगशिबिरात मी ते दीड मिनिट केलं होतं. भाच्याने आणलेला पंखा डाव्या हाताच्या एका झटक्यात उघडायचा होता. तो उघडला नाही. दुसऱ्या झटक्यात तो पहिल्या रांगेतल्या एका आजींच्या ओटीत गेला. त्यांनी तो उघडला, स्वतःला वारा घालून पाहिला आणि बरा वाटल्यामुळे ठेवून घेतला. हातरुमालाच्या जागी माझ्या गळ्यात झोळी होतीच, पण तिचं पाकीट करायचं तर हात बाहेर काढावा लागला असता.

तरी मी सुरू केलं. गिऱ्हाईक बोललं तेव्हा मान डावीकडे, गाडेवाला बोलला तेव्हा मान उजवीकडे. फार सफाईने. दोन-तीन मिनिटं झाली तरी कुणी हसेना. हसू दूर, लोक काळजीने बघू लागले. पुढे बसलेल्या एक काकू शेजारणीला म्हणाल्या, आणि ते मला स्टेजवर ऐकू आलं, "हात गेला तो गेलाच, वाचाबी गेली का काय मास्तरांची?"

माइक स्टँडवर होता आणि माझ्या नाकासमोर रोखलेला. मान डावीकडे गेली की गिऱ्हाईक गप्प, उजवीकडे गेली की गाडेवाला गप्प. लोकांना दिसत होता एक प्लास्टरमधला माणूस, आवाज न करता दोन्हीकडे मान हलवणारा. आणि समोर बघून मी काय करत होतो? खात होतो. राकुगोत शेवया भुरकण्याच्या आवाजाला दाद मिळते, म्हणून आठ दिवस घासून तयार केलेला भुरका मी भज्यांऐवजी तर्रीला लावला होता. तो तेवढा माइकने नेमका पकडला. दर अर्ध्या मिनिटाला मांडवाच्या चारही कर्ण्यांतून एक प्रचंड "फुर्र्र्र" बाहेर पडत होता आणि रस्त्यापलीकडची कुत्री त्याला ऐझुची देत होती.

शेवटी नाणी मोजायची वेळ आली. एकाच हाताने देणार कसा आणि घेणार कसा? मी डाव्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागलो, आपण मोजतो तशी. सहा, सात, आठ. इथे मान वळवायला विसरलो. सरळ माइकमध्ये, घसा ताणून, मी विचारलं, "काय हो, किती वाजले?"

गाडेवाला मीच होतो. उत्तर मीच देणार होतो. पण साऱ्या मांडवाने, रात्रभरात पहिल्यांदा काहीतरी समजल्याच्या आनंदात, एका सुरात सांगितलं, "पावणेदहा!"

मंडळाच्या पोराने बाजूने भर घातली, "दहाला कर्णा बंद करायचाय, सर. पंधराच मिनिटं."

जीभ त्या गाडीत बसली ती उतरेना. मी पुढे मोजलं, "पावणेअकरा, पावणेबारा..." आणि थांबलो. मागून कुणीतरी प्रामाणिकपणे विचारलं, "सर, पण पैशे कोन कोनाला देऊ लागलंय?" गोष्टीतला भोळा नकल्या अजून यायचाच होता, पण लोकांनी तो आल्याचं केव्हाच धरलं होतं.

मी नमस्कार करून उठायला गेलो. डाव्या हाताने केलेला नमस्कार पोलिसांच्या सलामीसारखा दिसतो, ते असो. पण पाय? गुडघ्याखाली माझं काहीच शिल्लक नव्हतं, नुसत्या मुंग्या होत्या. अर्ध्यावर आलो, डावीकडे झुकलो, सावरायला उजवा हात फेकला आणि सहा आठवड्यांचं प्लास्टर माइकवर धाडकन आदळलं. कर्ण्यांतून तो आवाज नाक्याच्या दोन्ही बाजूंना गेला. मी लोडावर पाय वर करून पडलो.

मांडव कोसळला. टाळ्या, शिट्ट्या, "वन्स मोअर" सुद्धा. शब्द आणि हात एकदम पडले ते रात्रीतून त्या एकाच वेळी. मंडळाने शाल पांघरली, नारळ डाव्या हातात दिला. तोही माझ्या हातून पडला, आणि त्यालाही टाळ्या मिळाल्या.

प्लास्टर निघालं त्या दिवशी आधी टपरीवर गेलो, तर तिथे कथाकथन रंगात आलेलं. सांगणारा बाकावर गुडघे मोडून बसला होता, उजवा हात उपरण्यात अडकवलेला. तोंड न उघडता मान डावीकडे, मग उजवीकडे, मग समोर आणि "फुर्र्र्र". ऐकणारे डोळे पुसत होते. एकही वाक्य न बोलता त्याने माझा सगळा कार्यक्रम करून दाखवला. पडण्याची जागा मात्र त्याची साफ चुकली. मी पुढे होऊन म्हणालो, "असा नव्हतो पडलो, असा..." आणि हात झटकन वर गेला. बारीक झाला होता, कातडं निघालेलं, पण मनगट वळलं. घरी जाऊन नातीला देऊळ फिरवून दाखवलं, दोनदा.

मागच्या रविवारी पुन्हा वाशिमला निघालो. मागे तोच शेजारी. पैनगंगेचा पूल ओलांडला तसा त्याने गप्पांना तोंड फोडलं, "सर, त्या सापाचं ते राहूनच गेलं तुमचं. केवढा..." आणि मी "एवढा" म्हणायच्या आत मागून त्याचे दोन्ही हात माझ्या कमरेजवळून पुढे आले आणि माझ्या दोन्ही मुठींवर घट्ट दाबून बसले.

"वाशिम येऊ द्या," तो म्हणाला. "मंग सांगा."